नोरिल्स्कची टाकी ‘पर्माफ्रॉस्ट वितळल्यामुळे’ फुटली, हे मला पटत नाही

पाइलवाला (धागाकर्ता)

उत्तर सायबेरियातल्या नोरिल्स्कचं नाव निघालं की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं: पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली राहणारी जमीन) वितळला आणि डिझेलची टाकी फुटली. पाया घालण्याच्या धंद्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे वाक्य मला टोचतं. का, ते लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी भांडायला जरूर यावं.

आधी घटना. २९ मे २०२०. नोरिल्स्कचं तिसऱ्या क्रमांकाचं औष्णिक वीज केंद्र. हे केंद्र चालतं नैसर्गिक वायूवर, डिझेल नुसतं राखीव म्हणून साठवलेलं. टाकी १९८५ सालची. खालचे आधार अचानक खचले, टाकी फाटली आणि सुमारे २१ हजार टन डिझेल बाहेर आलं. साधारण ६ हजार टन जमिनीत मुरलं, १५ हजार टन दाल्दिकान आणि अंबार्नाया या नद्यांत गेलं. त्या नद्या प्यासिनो सरोवराला मिळतात, तिथून प्यासिना नदी थेट कारा समुद्रात. लाल झालेल्या नदीचे उपग्रहातून घेतलेले फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

केंद्र ज्या उपकंपनीचं, तिची मालक नोर्निकेल ही खाणकंपनी. पहिल्याच आठवड्यात कंपनीचे वरिष्ठ म्हणाले की गेल्या काही वर्षांच्या अवेळी उबेमुळे जमीन वितळून खांब खचले असावेत. जगभरच्या बातम्यांनी ते उचललं. पुढे नोव्हेंबरात रशियाच्या औद्योगिक सुरक्षा नियामकाचा, म्हणजे रोस्तेख्नादझोरचा निष्कर्ष आला: पाइलच्या (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांच्या) पायाच्या आराखड्यात आणि बांधकामात त्रुटी, वर देखरेखीत ढिलाई. ही बातमी मात्र आतल्या पानावर.

आता माझे मुद्दे.

तारीख बघा. २९ मे. त्या अक्षांशावर मे संपताना बर्फ अजून वितळत असतो. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर सगळ्यात खोल जातो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. जमिनीच्या वितळण्यानेच टाकी बसायची होती तर आदल्या सप्टेंबरात बसली असती.

दुसरं, समजा पाया खचला. तरी टाकीभोवतीचा बांध कशासाठी असतो? टाकी फुटणारच आहे असं धरूनच तो बांधतात. ठाण्या-तुर्भ्याचा साधा तेलडेपोवालासुद्धा हे जाणतो. तेल नदीपर्यंत पोचलं याचा अर्थ बांध निकामी होता, आणि बांधाचा हवामानाशी काय संबंध?

तिसरं, पुढचे दोन दिवस. आणीबाणी मंत्री झिनिचेव यांनी पुतिन यांच्यासमोर सांगितलं की केंद्राने दोन दिवस न कळवता स्वतःच निस्तरायचा प्रयत्न केला. क्रास्नोयार्स्कचे राज्यपाल उस म्हणाले की खरी परिस्थिती त्यांना समाजमाध्यमांवरच्या माहितीनंतर कळली. हे काय जमिनीने केलं?

त्याच उन्हाळ्यात, २८ जूनला, याच कंपनीच्या ताल्नाखच्या खनिज शुद्धीकरण कारखान्याने गाळतळ्यातलं सांडपाणी पंप लावून सरळ बाहेर सोडलं. १२ जुलैला तुखार्दजवळ ४४.५ टन विमानाचं इंधन गळलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नोरिल्स्कच्या शुद्धीकरण कारखान्यातलं बांधकाम कोसळून तीन माणसं गेली. एवढ्यावर मी हवामानाला दोषी धरायला तयार नाही.

तापमानवाढ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की गोठलेल्या जमिनीवर बांधणाऱ्याला ती जमीन वितळू शकते हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तेच तर त्याचं काम.

---

अवनी_ब

पाइलवाला काका, बांध आणि लपवाछपवी यांवर शंभर टक्के सहमत. तारखेच्या मुद्द्यावर मात्र ठाम असहमत, कारण तिथे तुम्ही भौतिकशास्त्र सोडून दिलंय.

गोठलेल्या जमिनीतला पाइल उभा राहतो तो मुख्यतः भोवतीची माती त्याला गोठून चिकटलेली असते म्हणून. ही पकड सुटायला माती वितळावी लागत नाही. उणे चार अंशांची माती उणे एक झाली की ती अजून गोठलेलीच असते, पण पकड बरीच ढिली होते. कुल्फी फ्रीजमधून काढल्या काढल्या काडी ओढून बघा, आणि पाच मिनिटांनी बघा. कुल्फी वितळून थेंब पडायच्या आधीच काडी हलायला लागते. मातीत मीठ असेल तर हे आणखी लवकर होतं.

आणि ही ऊब खाली पोचते ती हळूहळू. आठ-दहा मीटरवर आज जे तापमान आहे, त्यात मागच्या अनेक वर्षांचे उन्हाळे-हिवाळे जमा झालेले असतात. म्हणून आदल्या सप्टेंबरातच का नाही बसली, हा प्रश्न लागू पडत नाही. भार वर्षानुवर्षं तोच, पकड थोडी थोडी कमी होतेय, एक दिवस तोल जातो. तो दिवस मे महिन्यातला असू शकतो.

आता ‘पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं’ याबद्दल. काय ठाऊक असतं? १९८५ च्या अभियंत्याने नियमावली उघडली तेव्हा तिच्यात त्याच्या आधीच्या काही दशकांची तापमानं होती. पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नाससारखीच जातील हे गृहीत होतं. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्या माणसाला हे माहीत असणं शक्यच नव्हतं.

---

रोखठोक

+१ अवनी. रशियन कंपनी म्हटलं की आपल्याकडे सगळे न्यायाधीश होतात.

---

पाइलवाला

अवनी, कुल्फी मान्य. पकडीचं तुम्ही सांगितलेलं गणित अचूक आहे. पण त्यातून निघतं काय? निघतं असं की पाइलजवळच्या मातीचं तापमान सतत मोजायला हवं. एक भोक, त्यात तापमापकांची माळ, महिन्यातून एकदा नोंद. टाकीच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे. १९८५ च्या माणसाला भविष्य माहीत नव्हतं हे कबूल. २०१८ च्या माणसाचं काय? कंपनीच्याच सांगण्यानुसार २०१७-१८ मध्ये त्या टाकीची दुरुस्ती झाली, पाणी भरून चाचणी झाली, सुरक्षिततेची तपासणी झाली आणि ती पुन्हा वापरात आली. दोन वर्षांनी ती बसली. मग त्या तपासणीत तपासलं काय?

आणि नोरिल्स्कसारख्या शहरात हे ज्ञान नव्हतं म्हणणं म्हणजे कमालच. १९३५ पासून कैद्यांकडून राबवून घेऊन ते शहर उभं केलं गेलं. त्या कैद्यांपैकीच एक मिखाईल किम नावाचा कोरियन वंशाचा अभियंता. गोठलेल्या जमिनीत पाइल रोवून, इमारत जमिनीपासून उचलून, खालून थंड वारा खेळता ठेवायचा, ही पद्धत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे रुळवली. १९६६ साली त्याबद्दल लेनिन पारितोषिक मिळालं. सोव्हिएत नियमावलीत सरळ दोन तत्त्वं होती. पहिलं, जमीन गोठलेलीच ठेवा आणि त्यावर बांधा. दुसरं, ती वितळणार असं धरूनच बांधा. पहिलं तत्त्व निवडलंत की जमीन गोठलेली ठेवणं ही इमारत उभी असेपर्यंतची जबाबदारी. बांधून झालं, फीत कापली, विसरलो, असं चालत नाही.

शिवाय शहराची स्वतःची ऊब असते. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गरम पाण्याचे पाइप गळतात, रस्त्यावरचा बर्फ ढकलून भिंतीशी ढीग लावतात. बर्फाचा ढीग जमिनीवर गोधडीसारखा बसतो आणि हिवाळ्याची थंडी आत जाऊ देत नाही. हे सगळं माणसांनी केलेलं, आणि नळ दुरुस्त करून थांबणारं.

---

हिशेबनीस

दोघंही पायात अडकलात. मी पैशाचं बोलतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने नुकसानभरपाई ठरवली १४६ अब्ज रूबल, म्हणजे तेव्हाचे सुमारे २ अब्ज डॉलर. आपल्या हिशेबात १४-१५ हजार कोटी रुपये. मार्चमध्ये कंपनीने ती भरली. रशियात पर्यावरणाच्या नुकसानीसाठी एवढी रक्कम त्याआधी कोणी भरली नव्हती. त्याच २०२० सालचा कंपनीचा निव्वळ नफा ३.६ अब्ज डॉलर होता. म्हणजे दुखलं, पण मोडलं नाही.

माझा मुद्दा असा: ‘हवामानामुळे झालं’ हे कोर्टात मान्य झालं असतं तर हा आकडा शून्याकडे गेला असता. म्हणून पाइलवाला काकांच्या बाजूने मत. दैवी आपत्ती म्हटलं की विमा, दंड, नोकऱ्या सगळं सुरक्षित. जिथे जिथे ही जमीन आहे तिथल्या प्रत्येक कंपनीच्या वकिलाने हे वाक्य तयार ठेवलं असणार.

---

अवनी_ब

हिशेबनीस, आणि उलट बाजूने बघा. ‘एका कंपनीचा हलगर्जीपणा’ म्हणून फाइल बंद केली की बाकीच्या सगळ्यांना हायसं वाटतं. आमच्याकडे तसं नाही, आम्ही शिस्तीचे!

२०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मोरित्झ लांगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आर्क्टिकच्या पर्माफ्रॉस्ट पट्ट्यात सुमारे ४,५०० औद्योगिक ठिकाणं, जिथे घातक पदार्थ वापरले किंवा साठवले जातात. आणि १३ ते २० हजार दूषित जागा. या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांतली सुमारे १,१०० औद्योगिक ठिकाणं आणि ३,५०० ते ५,२०० दूषित जागा अशा पट्ट्यात येतील जिथे जमीन डळमळायला लागेल. त्याआधी २०१८ मध्ये, त्याच नियतकालिकात, योर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या पायाभूत सुविधांपैकी जवळपास ७० टक्के अशा भागांत आहेत जिथे २०५० पर्यंत वरची जमीन वितळण्याची शक्यता मोठी आहे.

एवढे सगळे एकाच वेळी हलगर्जी असतील? समजा असतीलही. तरी हलगर्जीपणा पूर्वीही होता, टाक्या उभ्या राहायच्या. पूर्वी जमीन चूक पोटात घालायची, आता घालत नाही. फरक जमिनीत पडलाय. कारण एकच धरायचा हट्ट कशाला?

---

बापू_वाईकर

बारकं विचारतो. १९९४ ला कोमी प्रजासत्ताकात उसिंस्कजवळ जी तेलाची नळवाहिनी फुटली, ती पण थंड मुलुखातच ना? तेव्हा कोण पर्माफ्रॉस्ट म्हणालं नव्हतं. गंजलेला पाइप होता, सरळ हिशोब. आता ‘फॅशन’ आली म्हणून सगळं हवामानात ढकलायचं का?

---

उत्तरवाट

कॅनडातून लिहितोय. इथे टाक्या आणि पाइलच्या पलीकडचा एक प्रकार आहे, तो मांडतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे.

यलोनाइफ शहराच्या हद्दीत, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी, जायंट माइन ही सोन्याची खाण. १९४८ ला सुरू, २००४ ला बंद. इथलं सोनं आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेलं. ते भाजलं की सोनं सुटतं आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइडची धूळ निघते, अत्यंत विषारी आणि पाण्यात विरघळणारी. सुरुवातीची वर्षं ती चिमणीतून सरळ बाहेर जायची. १९५१ मध्ये जवळच्या वस्तीतलं डेने या मूळनिवासी समाजाचं एक लहान मूल बर्फाचं दूषित पाणी पोटात गेल्याने दगावलं. त्यानंतर धूळ पकडून जमिनीखालच्या कोठड्यांत भरायला लागले. युक्तिवाद काय, तर भोवतीची जमीन गोठलेली आहे, कोठड्या आपोआप सीलबंद राहतील. असं करत २ लाख ३७ हजार टन धूळ खाली भरली.

मग खाणकामानेच ती जमीन उबदार केली. बोगद्यांतली हवा, वरचे उघडे खड्डे, झिरपणारं पाणी. जे सील निसर्ग फुकटात देणार होता ते माणसाने स्वतःच उघडलं. १९९९ मध्ये खाणमालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सगळं सरकारच्या, म्हणजे आम्हा करदात्यांच्या अंगावर आलं. आता योजना अशी की कोठड्यांभोवतीचा खडक नळ्या घालून कृत्रिमरीत्या गोठवायचा आणि तसाच ठेवायचा. एकूण साफसफाईचा अंदाज ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर. किती वर्षं गोठवून ठेवायचं याला शेवटची तारीख नाही.

पाइलवाला, इथे ‘कंपनीची जबाबदारी’ म्हणता, कुठली कंपनी? ती नाहीच. अवनी, इथे हवेतल्या तापमानवाढीच्या आधी खाणीने काम उरकलं होतं. तापमानवाढ आता उरलेलं कठीण करतेय, कारण या नळ्यांना कडक हिवाळा लागतो.

---

रोखठोक

मग काय, उत्तरेतली सगळी खाणकामं बंद करायची? नोरिल्स्कमध्ये पावणेदोन लाख लोक राहतात. जगातल्या पॅलेडियमचा सुमारे ४० टक्के हिस्सा ही एक कंपनी काढते. तुमच्या गाडीच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यावरच चालतो. निकेल बॅटऱ्यांना लागतं. विजेवरची गाडी घ्यायची आणि नोरिल्स्कला शिव्या द्यायच्या, वा!

आणि अभियांत्रिकी जमते हो. अलास्काची नळवाहिनी बघा. १९७७ पासून चालू, एकूण ८०० मैल, त्यातली ४२० मैल जमिनीवर उचललेली, कारण आत गरम तेल आणि खाली गोठलेली जमीन. आधारांमध्ये सव्वा लाखाच्या घरात उष्णतावाहक नळ्या. नळीत अमोनिया. हिवाळ्यात जमिनीतली ऊब घेऊन त्याची वाफ होते, ती वर जाते, बाहेरच्या थंडीत द्रव होऊन खाली उतरते. वीज नको, पंप नको. चीनने तिबेटच्या रेल्वेत साडेपाचशे किलोमीटर रूळ असल्या जमिनीवर टाकलेत. कुठे खडीचे भराव, कुठे नळ्या, आणि जिथे काहीच भरवशाचं नाही तिथे सरळ पूल. करायचं ठरवलं की होतं.

---

अवनी_ब

अलास्काचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. फेअरबँक्सच्या उत्तरेला एका उतारावर जमीन सरकायला लागली आणि नळवाहिनीचे आधार कलले. २०२१ मध्ये तिथे जमीन पुन्हा गोठवण्यासाठी जादा नळ्या घालायला परवानगी द्यावी लागली. म्हणजे जगातली सगळ्यात नावाजलेली रचना, भरपूर पैसा, तरी जमीन मागे लागलीच. आणि या नळ्या चालतात फक्त हवा जमिनीपेक्षा थंड असताना. हिवाळा जितका सौम्य, तितकं त्यांचं काम कमी.

बापू, गंजलेल्या पाइपला कोणी हवामान म्हटलं नाही, म्हणायचंही नाही. पण त्याच पट्ट्यातली जमीन असमान बसायला लागली की पाइप वाकतो, सांधे ताणले जातात, आणि गंजलेला पाइप आधी जातो. दोन रोग एका शरीरात असू शकतात की.

---

पाइलवाला

अलास्कात आधार कलले हे कळलं कसं? मोजमाप चालू होतं म्हणून. कळलं, परवानगी मागितली, नळ्या घातल्या, तेल सांडलं नाही. अवनी, तुम्ही माझंच उदाहरण मला दिलंत. :) जमीन दोन्हीकडे तापली. एकीकडे दुरुस्ती झाली, दुसरीकडे नदी लाल झाली.

उत्तरवाट यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे धड उत्तर नाही. मालकच उरला नाही तर जबाबदारी कोणाची, हे पायाच्या पुस्तकात सापडत नाही. खाणीची परवानगी देतानाच बंद करायचा खर्च अनामत ठेवून घ्यावा एवढंच सुचतं.

---

कोकणी_मेवा

अवांतर: आपल्या हिमालयाचं कोणीच का काढलं नाही? फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंटी शिखरावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटला, ऋषीगंगाचा प्रकल्प आणि तपोवन-विष्णुगडचं काम वाहून गेलं, दोनशेवर माणसं गेली. ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनक तलावात गोठलेल्या हिमोढाचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाचा) कडा कोसळला आणि खाली चुंगथांगचं तिस्ता-३ धरण गेलं.

---

अवनी_ब

ल्होनकच्या बाबतीत गोठलेल्या हिमोढाचा संबंध थेट आहे. चमोलीत पर्माफ्रॉस्टची भूमिका शक्य आहे, सिद्ध नाही, त्यामुळे तिथे जपून बोलते. वेगळा धागा काढा, नक्की येईन. डोंगरउताराचं गणित सपाट टुंड्रापेक्षा वेगळं आहे.

---

हिशेबनीस

रशिया म्हणजे परकं प्रकरण असं वाटणाऱ्यांसाठी. क्रास्नोयार्स्क प्रांताच्या उत्तरेला, याच पर्माफ्रॉस्ट पट्ट्यात, वांकोर हे तेलक्षेत्र आहे. २०१६ मध्ये त्यात ओएनजीसी विदेशने २६ टक्के घेतले. ऑइल इंडिया, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मिळून २३.९ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी मालकी भारतीय सार्वजनिक कंपन्यांची. भारत पेट्रोलियमचं मुख्यालय मुंबईत बॅलार्ड इस्टेटला. तिच्या शेअर्समध्ये इथल्या किती जणांचे पैसे असतील?

माझा प्रश्न साधा आहे. भागधारकांच्या सभेत कोणी विचारलं का, की वांकोरच्या टाक्यांखालचं जमिनीचं तापमान दर वर्षी मोजलं जातं का, आणि आकडे आपल्याला मिळतात का?

---

रोखठोक

सभेत लोक लाभांश विचारतात आणि सामोसा खाऊन घरी जातात.

---

पाइलवाला

तरी विचारावं. विचारायचंच तर तीन गोष्टी मागा: पायाजवळच्या तापमानाच्या नोंदी, पाइलच्या पातळीची मोजणी, आणि बांधाची क्षमता. तिसरी आधी मागा, ती लपवता येत नाही. टेप घेऊन जाऊन मोजता येते.

---

अवनी_ब

टेप घेऊन जाणार कोण? नोरिल्स्क २००१ पासून परदेशी लोकांना विशेष परवानगीशिवाय बंद आहे. मोजमाप, मोजमाप म्हणताय काका, पण १९९० च्या दशकात पैसा आटला आणि रशियातली जमिनीच्या तापमानाची बरीच निरीक्षण केंद्रं बंद पडली. नोरिल्स्कच्या अपघातानंतर सरकारने देशभरात १४० निरीक्षण केंद्रांची योजना केली, त्यासाठीचा कायदा आला २०२३ मध्ये. रशियाचा साठ टक्क्यांहून जास्त भूभाग पर्माफ्रॉस्टवर, आणि केंद्रं १४०. कंपन्यांच्या स्वतःच्या नोंदी असतील, पण त्या कंपन्यांकडे. हा विदा (नोंदींचे आकडे) उघडा झाल्याशिवाय पुढच्या टाकीच्या वेळीही आपण हेच भांडत बसणार, तुम्ही पाइल म्हणणार आणि मी कुल्फी.

---

पाइलवाला

विदा उघडा करा, याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि तो उघडा झाला की कंपनीला ‘आम्हाला काय माहीत’ म्हणता येणार नाही, म्हणून तर हवा आहे.

---

उत्तरवाट

यलोनाइफच्या कोठड्यांचे अहवाल इथे जाहीर होतात, हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाचायला कंटाळवाणे आहेत, आधीच सांगतो.